डावी बाजू

आधी सोपं ते बघायचं.
आवाजाच्या चित्रावर फुली नाही ना,
पट्टी शंभरावर आहे ना.
होती.
तरी लॅपटॉप खरखरत होता,
पत्र्यावर सुकी सुंगटं ओतावीत तसा.

लवू कुबल समोर स्टुलावर.
देवगड बंदरात त्यांना मिस्त्री म्हणतात,
नखांतलं ग्रीस सणालाही निघत नाही.
"लॅपटॉप भाच्याचो. पण आतला सामान माजा."
सामान म्हणजे एकशे बारा ट्रॉलरांची इंजिनं:
काही नवीकोरी, काही दम लागलेली,
काही बंद पडायच्या आदल्या रात्री टिपलेली.
खोल पाण्यातून फोन येतो, मिस्त्री, ऐका, काय म्हणता ता,
आणि हे जुन्या धडधडीशी ताडून सांगतात,
दुसऱ्या सिलिंडरचा नोझल काढ.

मी ड्रायव्हर काढला, परत घातला.
आवाज सुधारणाऱ्या म्हणून ज्या सोयी असतात
त्या सगळ्या बंद केल्या,
सुधारण्यातच पुष्कळदा बिघडलेलं असतं.
रीस्टार्ट.
सुंगटं तशीच.

मग ते उठले.
माझाच लांब स्क्रूड्रायव्हर उचलला,
टोक स्पीकरच्या जाळीवर, मूठ कानामागच्या हाडावर,
उजव्या,
डोळे मिटून.
"सैल नाय. खारावलो हा."

खोलला. जाळीच्या आत
मिठाची पांढरी बुरशी, वाळूचे कण
आणि एक खवला.
"पेडव्याचो," ते लांबूनच म्हणाले.
ब्रश, स्पिरिट, ड्रायरची गार हवा.
लावल्याबरोबर कुठलीशी 'जलकन्या'
काउंटरवर अशी धडधडली
की धक्क्यावरच्या खऱ्या बोटी
क्षणभर नकली वाटल्या.

इथे बिल करायला हवं होतं.

"हेडफोनात बघूया. रात्री माणसा निजतत."
घातला. मान आडवी हलली.
"डावी बाजू नाय. पंखो येणा नाय.
अर्धा इंजिन खंय गेला?"

भाच्याने दोन माइक लावले होते,
डावा पंख्याकडे, उजवा हेडकडे.
मी तार हलवली, पिन पुसली.
मग आमच्या धंद्यातली साधी युक्ती:
हेडफोन उलटा घालायचा.
दोष वायरीत असेल तर तो बाजू बदलतो.
नसेल तर
मी त्यांच्या डोक्यावरून तो उचलला, फिरवला, ठेवला.
"आता?"

"आता पंखो येता."
थांबले.
"हेड गेला."

बाहेर कोणीतरी बर्फ फोडत होतं.
लवू कुबल माझ्याकडे नाही, हाताकडे बघत होते.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांची निदानं केलेला माणूस,
त्याला मी काय सांगायचं?
बोटीच्या पोटात इतकी अडचण असते
की माणूस एकाच अंगाने शिरतो,
चाळीस वर्षं त्याच अंगाने,
इंजिन सुरू असताना.

सेटिंगमध्ये खाली, कोणी फारसं जात नाही तिथे,
एक बटण आहे: मोनो.
दोन्ही बाजू एक होतात,
दोन्ही कानांत सगळं येतं,
एकाच कानात आलं तरी सगळं येतं.
दाबलं.

त्यांचं बोट काउंटरवर ठेका धरू लागलं,
धड धड, मध्ये एक किंचित लंगडी,
तिथे बोट अडलं, हसले.
"तिसरो व्हॉल्व्ह. तेव्हाच सांगलेलंय."
मग हेडफोन काढून:
"काय होता गो?"

"सेटिंग," मी म्हटलं.

डिझेलात पाणी नाहीच म्हणणाऱ्या मालकाकडे
ते जसे बघत असतील
तसे माझ्याकडे बघितले.

स्पीकर सफाई, दोनशे.
पावतीवर तेवढंच लिहिलं.
लॅपटॉप काखेत मारून पायरीवर वळले:
"ही सेटिंग भाच्याक सांगू नको.
उगाच हात लावीत."

खवला अजून काचेखाली आहे.
कोणाचा आवाज खरखरला की
आधी तोच दाखवते.