तेरा फूट नऊ इंच

तांबड्या त्रिकोणात लिहिलंय ते इतकंच.
शिप्लीबाहेर, टॅनर्स लेनवर,
कुणा गवंड्यानं ही विटांची कमान वळवली तेव्हा
खालून जाणार होती घोडागाडी, गवताचे भारे,
फार तर भाऱ्यावर पालथं झोपलेलं एखादं पोर.

आमचा ट्रेलर चौदा फूट सहा.

मंगळवार. सकाळचे सहा सतरा.
डेरेक ऑल्सॉप एरवी नुसत्या पावसावर दहा मिनिटं बोलतो.
त्या दिवशी फोनवर म्हणाला, "वैजयंती, पूल."
आणि गप्प.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो.
ज्यानं ही म्हण केली
त्यानं ट्रेलर ओढणारी लॉरी पाहिली नसावी.
पुढची केबिन कमानीखालून अलगद गेली,
आरसेसुद्धा शाबूत.
ठेच लागली ती मागच्याला.
छप्पर सोललं गेलं उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखं
आणि आतले टिश्यूचे रोल उताराला लागले,
पांढरे, लांबच लांब,
कुणाच्या तरी स्वागताला पायघड्या घातल्यासारखे.
त्यांवरून पहिला चालत आला पोलीस.

पुलाच्या अंगावर एक छोटी पाटी असते:
धडक दिलीत तर या नंबरवर कळवा, हा पुलाचा क्रमांक.
डेरेकनं आधी तिथे कळवलं, मग मला.
तेवढं एक आम्ही बरोबर केलं.
वर लीड्सची गाडी थांबली, मागची थांबली, तिच्या मागचीही.
रूळ हलले नाहीत ना, हे बघणारा माणूस येईपर्यंत
पावणेदोन तास.

संध्याकाळी कुंपणापलीकडून मिसेस पिकर्सगिल म्हणाल्या,
"कुणा गाढवानं पूल ठोकला. माझी डायलिसिसची वेळ गेली."
मी म्हटलं, "हो ना."
आणि दोरीवरचे कपडे काढत राहिले,
ओले होते तरी.

मार्चमध्ये सुनावणी.
ट्रॅफिक कमिशनर बाईंनी एकदाही आवाज चढवला नाही.
केबिनमधल्या उंचीच्या पाटीवर किती होतं?
तेरा फूट एक. आदल्या दिवशीच्या ट्रेलरचं.
रस्ता कुणी ठरवला?
डेरेकच्या मोबाइलनं. त्याला वाटलं, मोटार चाललीय.
आणि हे बघायची जबाबदारी कुणाची?

मालक छताकडे बघत होते. डेरेक बुटांकडे.
फॉर्मवर 'उंची तपासली' या ओळीसमोरची खूण माझी,
मंगळवारची,
पण केलेली सोमवारी.
आठवड्याच्या सगळ्या खुणा मी सोमवारीच करून टाकायचे,
चहा निवेपर्यंत.
हे मी सांगितलं. वकिलानं पेन खाली ठेवलं.

सात गाड्यांच्या पाच झाल्या, महिनाभर.
इथल्या कायद्यात ट्रान्स्पोर्ट मॅनेजरला पत असावी लागते,
तशी लेखी अटच आहे.
माझी काढून घेतली नाही. तिच्यावर ताकीद लिहिली.
आईला फोनवर सांगितलं, "पत वाचली."
ती म्हणाली, "बँकेचं काही होतं का गं?"

आता पहाटे पाचला यार्डात
मापाची काठी घेऊन मी उभी असते.
धुकं असतं. काठीचं टोक दिसत नाही,
टॉर्च तोंडात धरावा लागतो.
रिकामा ट्रेलर दोन बोटं वर उचलला जातो
हे मला चौदा वर्षांच्या नोकरीनंतर कळलं.
नवा पोरगा, कीरन, कुरकुरतो, "काल मोजला होता की."
कालचा काल.
आज मोज, लिही, पाटी बदल,
मग रस्त्याचा कागद माझ्याकडून घे आणि नीघ.

परवा डेरेकला घरी सोडत होते,
माझी जुनी निसान, उंची जेमतेम पाच फूट.
टॅनर्स लेनवर कमान आली.
बोलता बोलता त्यानं मान खाली घातली.

मीही घातली.