डाव्या हाताला सातपुडा

उंदराच्या डोळ्याचा पडदा
चार ठिकाणी चिरून काचपट्टीवर पसरला
की चार पाकळ्यांचं फूल होतं,
नखाएवढंही नाही.
मी दिवा बदलते.
काळोखात हिरव्या पेशी उजळतात,
प्रत्येकीचा एकच लांब धागा,
आणि सगळे धागे मधल्या एका भोकाकडे निघालेले,
सावद्याच्या मालधक्क्याकडे
पहाटे निघायचे तसे केळीचे ट्रॅक्टर.

मोजते. लाभ, दोन, तीन.
पहिल्या पेशीला मी एक म्हणत नाही,
आबांनी म्हणू दिलं नाही कधी.
तोताराम फिरके, वजनकाट्याशी एकतीस वर्षं.
घड चढला की लाभ,
पाचव्याला आडवी रेघ.

जळगावला त्यांची तपासणी केली.
पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी, हातात बटण.
ठिपका दिसला की दाबा, आबा.
ते दाबत राहिले, एका लयीत,
न लागलेले दिवेसुद्धा मोजले.
यंत्रानं शेरा मारला: भरवसा नाही.
मी रागावले, तर म्हणाले,
"घड काय थांबते का कोनासाठी?
एक सुटला तं हिसाब बोंबलला."

दुसऱ्या खेपेला कागदावर
डावीकडची सगळी बाजू काळी आली.
खरं तर काळं काही नसतंच.
मेंदू शेजारचं बघून ठिगळ लावतो,
भिंतीच्या जागी भिंत, आभाळाच्या जागी आभाळ,
आणि शिवण दिसू देत नाही.
फक्त डावीकडे ठेवलेला चहा सांडतो
आणि आबा आईवर ओरडतात.

ठिबकच्या नळ्या चोंदल्या
की बागेतली कडेची खोडं आधी माना टाकतात,
असं सांगितलं तेव्हा त्यांना पटलं.
थोडा वेळ गप्प बसले.
"मंग तिले पील फुटत नही का?"
नाही, आबा. या पेशीला पील नाही.
केळीला आहे. माशाच्या डोळ्यातही
तुटलेला धागा पुन्हा वाढतो.
"तापीतल्या बी?"
तापीतल्याही असेल.
"मंग आपल्याहून मासा बरा," म्हणाले,
आणि डोळ्यात थेंब घालून घ्यायला
मान मागे टाकली.
थेंबानं गेलेलं येत नाही.
उरलेलं राहतं, राहिलं तर.

परवा दाबलेल्या एका नसेत
जखमेच्या पलीकडे गेलेले धागे दिसले.
लाभ, दोन, तीन, चार,
पाचव्याला आडवी रेघ,
सहा, सात.
पन्नास हजारांत सात.
सर म्हणाले, सात म्हणजे काही नाही,
अजून बारा उंदरांवर करून बघ.
बरोबरच आहे.
आबांना मी सांगितलं नाही.
त्यांनी लगेच भाव विचारला असता.

रविवारी घरी होते.
आबा ओट्यावर उगवतीला तोंड करून बसलेले,
म्हणजे डाव्या हाताला सातपुडा,
जो त्यांच्या कागदावर आता नाही.
मी काही बोलले नाही.
त्यांनीच अख्खी मान वळवली,
मग खांदे, मग बुडाखालची घोंगडीसकट सगळे वळले
आणि बघत राहिले.
"हाये तठीच," म्हणाले,
आणि चष्मा पुसायला सदऱ्याचं टोक शोधू लागले.