तर

वडील शाई घोटायला बसले की घरात बोलायची मनाई.
मायफळं, डिंक, मोरचूद,
आणि शेरडाच्या कातड्यावर बोथट सुईनं ओढलेल्या
बिनरंगी रेघा.
लिहिण्याआधी ते प्रत्येक शब्द तोंडानं म्हणत,
पोहरा सोडण्याआधी
दोर ओढून बघावा तसा.

मी मुलगी. बोरूनं लिहायचं नाही,
पण बोरू तासायचा मीच.
जेर्बा बेटावरच्या त्या निळ्या दाराच्या खोलीत
ऐकून ऐकून मला ओळी पाठ झाल्या
आणि ओळींतले खड्डेही.

ते दोघे सख्खे भाऊ, त्यांचंच घ्या.
थोरला धाकट्याला म्हणाला, एवढं लिहून होतं
आणि लगेच शेत येतं.
काय म्हणाला, ते नाही.
कोरी जागासुद्धा नाही.
नुसतं बोलणं, त्याला चिकटून माती,
आणि मातीत काय झालं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक.

शिकाऊ शुशान एकदा भीत भीत म्हणाला,
रब्बी, इथं कुणा नकलणाऱ्याच्या हातून काही सांडलंय.
वडिलांनी बोरू पुसला.
सांडलं नाही. गिळलंय.
मग जाणत्यांची मतं सांगितली:
कुणी म्हणतं बांधावरून, कुणी म्हणतं बाईवरून,
कुणी म्हणतं देवाचं घर कुणाच्या वाटणीत, त्यावरून.
पिढ्यान्‌पिढ्या लोक या भोकात बोटं घालतायत, म्हणाले,
आणि भोक आहे तेवढंच आहे.

दुसरी एक ओळ मात्र त्यांना लिहवत नसे.
डोंगरावरून उतरलेला तो तोतरा म्हातारा
आपल्या माणसांसाठी रदबदली करतो.
जर तू यांना पदरात घेतलंस, असं काहीसं
आणि थांबतो.
तर काय?
तर बरं? तर मी गप्प बसेन?
देवापुढं जर टाकलं आणि तर टाकायला धीर झाला नाही,
की ते त्यानंच उचलावं म्हणून सोडलं?
पुढं लगेच म्हणतो, नाहीतर मला खोड.
स्वतःला खोडायचं म्हटल्यावर
त्याला पुरतं वाक्य सुचतं.

इथं आले की वडील बोरू ठेवून अंगणात जात,
ऑक्टोपस धरायच्या मडक्यांवर पाणी ओतत उभे राहत.
आम्ही काही कोळी नव्हतो.
मडकी फ्राजीकाकांची,
त्यांनी कुठल्याशा पैजेत जिंकलेली.

ज्या उन्हाळ्यात राजधानीत आमच्या लोकांची दुकानं जळली
त्याच उन्हाळ्यात काका मार्सेला निघाले.
अजीमच्या धक्क्यावर पलीकडं नेणारी तर लागलेली,
शेळ्या, गाद्या, एक शिवणयंत्र,
मी वडिलांच्या कडेवर.
काकांनी फळीवर एक पाय ठेवला, मागं वळले.
मखलूफ, म्हणाले, जर आई
आणि तर सुटली.

नंतर पत्रं आली, सगळी पुऱ्या वाक्यांची.
पावाचा भाव, थंडी, जिन्याचे चौऱ्याण्णव पायरे.
ते एक वाक्य कुठल्याच पत्रात नव्हतं
आणि वडिलांनी विचारलंही नाही.
जर आईनं विचारलं. जर आई गेली.
जर आई यायला तयार झाली.
आजी पुढच्याच हिवाळ्यात वारली,
तरी जेवता जेवता मध्येच एखादं नवं भाष्य निघे.
आई, कमूना, म्हणायची,
अहो, तो नुसता आई म्हणाला असेल.
जर तुम्हाला ऐकू आलं.

परवा तेच पान चालू होतं.
दूरध्वनी मी घेतला, चुलतभाऊ मिमून बोलत होता.
मी दारात गेले, उंबऱ्यावरच थांबले.
बाबा, म्हटलं, मार्सेहून

त्यांनी मान हलवली.
वर बघितलं नाही, अंगणात गेले नाहीत.
पुढचा शब्द तोंडानं म्हणून घेतला
आणि मागच्याला खेटून लिहिला.