उसनी रेव

हेल्मेटांना कालच्या माणसांच्या घामाचा वास आहे.
मी प्रत्येकाच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून बघते
आणि तीन भाषांत एकच वाक्य म्हणते:
पुढच्याची धूळ खायची नसेल तर अंतर ठेवा.
हसतात. नेहमी इथेच हसतात.
दहा मिनिटांनी दातांत करकरतं तेव्हा कळतं
की तो विनोद नव्हता.

मी पुढे. मागे पाच बग्ग्या.
आरशात पाच पिवळे दिवे, मी मोजत राहते
शेळ्या मोजतात तसे,
डोकी नाही, हालचाल.

डावीकडे लाव्हा. नांगरून अर्धवट टाकलेल्या शेतासारखा,
फक्त ही ढेकळं अंगठा कापतात.
इथे सहा वर्षं जमीन जळत होती, मी ओरडून सांगते,
तीनशे वर्षांपूर्वी.
इंजिनांच्या गोंगाटात निम्मंच पोचतं
आणि ग्रात्सचा एक मुलगा विचारतो,
मग विझवली कोणी?

पुढच्या वळणावर आरशात चार दिवे.

मागे जाते. ग्रीट, वय एकाहत्तर, गाव गेंट.
फॉर्मवर ‘सोबत कोण’ या ओळीत
तिने आडवी रेघ मारली होती.
बग्गी बंद करून बसली आहे, गॉगल कपाळावर.
बिघडली का?
ती बोट ओठांवर ठेवते.
तापलेला सायलेन्सर टिक टिक करत निवतो
आणि त्यानंतर
पक्षी नाही, पान नाही,
वाऱ्याला अडायला काही नाही.
“एवढं मोठं काहीच नाही बघायला पैसे भरून आले,” ती म्हणते,
“आणि तासभर त्यात भुर्र भुर्र करत बसले.”
यावर माझ्याकडे तिन्ही भाषांत वाक्य नाही.

द्राक्षांचे खड्डे आले की मी गोगलगाय होते.
इथून एउस्ताकिओ मामाचं रान.
काळ्या रेवेत वाडग्यासारखे खड्डे, प्रत्येकात एक वेल,
वाऱ्याच्या बाजूने प्रत्येकाला अर्धी भिंत, गुडघाभर.
चुना नाही, चिखल नाही,
दगडाचं दगडावर मन बसलं की झालं.
मामा वाकलेलाच असतो. मान वर करत नाही.
आम्ही गेलो की दाढीच्या जुन्या ब्रशने
एकेक पान झटकतो.
आम्हाला तो माश्या म्हणतो.
सफर संपल्यावर पाहुण्यांना मी जी वाइन पाजते
ती त्याचीच.
त्यावर आम्ही बोलत नाही.

आज ग्रीट उतरली. नियमात बसत नाही.
भिंतीशी जाऊन तिने विचारलं, मूळ कुठे आहे?
मी भाषांतर करायच्या आत
मामाने तिचं मनगट धरलं
आणि हात रेवेत घातला, कोपरापर्यंत,
मग तिनेच घातला, खांद्यापर्यंत.
वर चटका. मग कोमट. मग
तिचा चेहरा बदलला तेव्हा मला कळलं
बोटं कुठे पोचली ते.
रात्रीचं दव ही रेव पिऊन ठेवते.
त्याखाली जुनी माती आहे, जळण्याच्या आधीची.
वर काय झालं
ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

ग्रीट बराच वेळ तशीच पालथी.
मामा उभा, ब्रश हातात,
पहिल्यांदाच मान वर.
रस्त्यावर चार बग्ग्यांचे हॉर्न.

संध्याकाळी गॅरेजात दासिल पाइप लावते,
चाकांखालून काळं पाणी निघतं.
मी मोरीच्या तोंडाशी जाळी धरते.
टायरांच्या खाचांतली, सीटखालची,
कुणाच्या बुटातून सांडलेली रेव.
महिन्याकाठी अर्धं पोतं होतं.
शनिवारी ते मामाच्या भिंतीशी नेऊन ठेवते.
तो एका हाताने तोलतो, मग दुसऱ्या.
“कमी आहे,” म्हणतो.

बरोबर आहे.
चिमूटभर ग्रीटच्या नखांतून
गेंटला गेली.