विरळणी

अख्तरभाईंच्या छापखान्याबाहेर माझी पाटी होती:
‘सर्व प्रकारचं लेखन करून मिळेल.’
सर्व म्हणजे सर्व.
सभापतींचं भाषण, क्लासची जाहिरात,
लग्नपत्रिकेतली चिमुकल्यांची आर्जवं.
एकदा घाईत ‘हार्दिक शुभेच्छा’
दहाव्याच्या पत्रिकेत गेल्या.
अख्ख्या जुन्या जालन्यात मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मग बियाणं कंपनीतल्या कांगणे मॅडमनी
कपाशीचं पाकीट उलटं करून पुढं सरकवलं.
“तीन बोटं जागा आहे.
वाचणाऱ्याचे हात मातीचे असतात, हे धरून लिहा.”

आठवडा गेला एका ओळीत:
‘बी दोन पेरं खोल टोका.’
पेरं बोटाची, हे मोजायला
रांजणीच्या कोंडाबाईंच्या रानात जाऊन आले.

आता पाटीवर तेवढंच. बियाण्यांची माहितीपत्रकं.
पत्रिकावाले येतात, मी नाही म्हणते,
आणि भाड्याची तारीख आठवून पोटात कालवतं.

परवा कोंडाबाई विरळणी करत होत्या.
उपटलेलं रोप टवटवीत होतं.
“चांगलं होतं की हे!”
“चांगलंच उपटावं लागतंय, माय.
वंगाळ आपसूक मरतंय,”
म्हणाल्या,
आणि मूठभर हिरवं
बांधावरच्या शेळीपुढं टाकलं.