तळ्याचा तळ

शनिवारची दुपारपाळी अंबादासनं बदलून घेतली,
मुश्ताकनं गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलं,
आणि बिराजदार सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच आले.
म्हणाले, वारा पडला तर तपासत बसेन.

वारा पडला नाही.

मे महिन्यातलं हिप्परग्याचं तळं:
चिखलाच्या खपल्या वाळून कडेनं वर वळलेल्या,
पाऊल ठेवलं की कुरकुरतात.
मध्येच शिंपले, एका पायाची चप्पल,
रंग गेलेला, सोंड गेलेला एक गणपती, आडवा,
आभाळाकडं बघत.

गाडी आम्हीच केलेली.
मागं लुनाची दोन चाकं, पुढं पोराच्या सायकलचं एक,
भंगारातल्या मागाचे बेअरिंग, खाटेची पट्टी, वर बांबू.
शिडाला आधी चादर लावून बघितली,
अंबादासच्याच हातची, मोरांची.
ती वारा धरीना, पिऊन टाकायची.
"चादर झोपायला असती बे," तो जरा दुखावून म्हणाला,
"पळायला नाही."
मग मुश्ताकनं एक उतरवलेलं फ्लेक्स आणलं:
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,
गॉगल घातलेले भावी नगरसेवक,
आणि भोवती शुभेच्छुकांची सत्तावीस तोंडं.
ताणून बांधलं. साहेबांचे गाल फुगले.
गाडी हलली.

हलली आणि थांबली.
सरांनी मातीत काठीनं बाण काढले, एक वाऱ्याचा, एक गाडीचा,
तिसरा कशाचा ते त्यांनाच ठाऊक.
गाडी काय बाण वाचत नव्हती.
मुश्ताक म्हणाला, वाऱ्याकडं पाठ कशाला करता,
खांदा द्या त्याला.
खांदा दिला, तशी सुटली.

माझी पाळी आली तेव्हा ऊन कललं होतं.
दोरी ओढली. दंडात एक हिसका,
मग ह्यांचं ओरडणं मागं पडलं,
दातात तेवढी चाकांची खरखर.
इंजिन नाही, बैल नाही,
कुणी हाक मारल्यासारखं नुसतं जाणं.

मधोमध आलो आणि ध्यानात आलं,
भरल्या सालाला इथं डोक्यावर दोन पुरुष पाणी.
लहानपणी आई ज्या पाण्याच्या काठालाही जाऊ द्यायची नाही
त्याच्या खालून मी चाललो होतो,
कोरडा ठणठणीत.
मान वर केली. एक घार तरंगत होती.
खालून होडी दिसावी तशी
मला तिचं पोट दिसलं.

ब्रेक बसवायचा राहिलाय हे तेव्हा आठवलं.
गाळ उपसलेल्या खड्ड्याच्या अलीकडं दोरी सोडून दिली.
भावी नगरसेवक आडवे झाले,
मी त्यांच्याखाली.

रात्री तळातच झोपलो, मोरांची चादर चौघांत.
सर मोबाईलच्या उजेडात पेपर तपासत होते.
मध्येच मोठ्यानं वाचलं,
"बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे."
आणि अंधाराला सांगितलं, पैकीच्या पैकी.

रविवारी सकाळी म्हाळाप्पा भोई आले.
हल्ली गाळाच्या ट्रॅक्टरांची मोजणी करतात,
वहीत उभ्या रेघा.
चाळीस वर्षं ह्याच पाण्यावर काहील फिरवलेली.
बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, बसू का?

वारा बेताचा होता. आम्ही मागून हात लावला.
गाडी लागली चालायला,
आणि बसल्या जागी त्यांचा उजवा हात
आपसूक खाली गेला,
बोटं उघडली.
मातीपासून एक वीत वर
तो हात तसाच धरून
ते पार बांधापर्यंत गेले.

उतरले.
काही बोलले नाहीत.
हात धोतराला पुसला.