पट्टे कुठे आहेत?

फेरीबोटीने आली सहा पुस्तकं
बटाट्यांच्या पोत्यांखाली दबून,
खोक्याचा एक कोपरा समुद्राने चाखलेला.
किह्नू बेटावरच्या वाचनालयात चार फडताळं
आणि नोंदवही सांभाळणारी मी, हेल्वे,
शिक्का मारताना अजूनही
मनगटापर्यंत शाई लागते मला.

त्यातल्या एकात
झगा घालणारा मुलगा.
पिवळा झगा, पांढरे ठिपके, गुडघ्यावर खपली.
आठव्या पानावर तो गिरकी घेतो
आणि चित्र पानात मावत नाही,
घेर कागदाच्या कडेवरून निघून जातो कुठेतरी.

मी ते दर्शनी ठेवलं नाही.
लपवलंही नाही.
मासे आणि इंजिनं यांच्या मधे उभं केलं.
भित्र्या माणसाचा धीर तेवढाच.

सात वर्षांच्या राइकोने ते नेलं मंगळवारी.
परत आणलं. पुन्हा नेलं.
नोंदवहीत त्याच्या नावाखाली त्याचंच नाव,
जाळ्यात गाठीखाली गाठ असते तसं.

इथे घागरा म्हणजे नुसतं कापड नाही.
इथल्या बायका आपलं वर्ष अंगावर नेसतात:
सुखात लाल पट्टे दाट,
घरातलं कुणी गेलं की काळंनिळं,
मग महिन्यामहिन्याने एखादा लाल धागा
बिचकत परततो,
वाट चुकलेल्या वासरासारखा.
राइकोच्या बापाला मार्चमधल्या पातळ बर्फाने नेलं,
मोटरसायकलसकट.
त्यांच्या दोरीवर तेव्हापासून
काळंनिळंच वाळत असतं.

जूनमध्ये राइको दुकानात आला
बहिणीचा जुना लाल घागरा घालून.
कमरेला बापाचा पट्टा,
त्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक,
जुन्या भोकांपासून वीतभर आत.

"बिचारा," पाव मोजता मोजता एर्ना म्हणाली,
"पोरांचं दुःख असंच कुठूनतरी बाहेर पडतं."
शाळेचे मास्तर म्हणाले,
"घरात लाल रंग परत यावा म्हणून करतोय तो.
केवढी समज!"
मीही मान हलवली.
गोष्ट सुरेख होती,
आम्हा सगळ्यांना परवडणारी.

"नाही," राइको म्हणाला.
"फिरलं की फुगतो.
आणि पायांना वारा लागतो."
मग त्याने फिरून दाखवलं.
वाटाण्याचे तीन डबे खाली आले,
एक गडगडत थेट दाराबाहेर.

ऑगस्टमध्ये पुस्तकातून चिठ्ठी निघाली.
वाचनालयाला आलेली या वर्षातली एकमेव तक्रार:
*पुस्तक चांगलं आहे. पण पट्टे कुठे आहेत?
ठिपक्यांचा घागरा कोण घालतं?
चित्रं काढणाऱ्यांना कळवा.*

आठवं पान उघडलं.
पिवळ्यावर शिसपेन्सिलीचे पट्टे, फिकट, धीराने ओढलेले.
आणि जिथे घेर कागद सोडून जात होता
तिथे पिठाच्या पिशवीचा तुकडा डकवलेला,
त्यावर उरलेला घेर, पुरा,
लाल काठासकट.

नियम मला पाठ आहे.
खोडरबर हातातच होतं,
आणि हातातच राहिलं.

आता ते पुस्तक फडताळात नीट बसत नाही.
मासे आणि इंजिनांच्या मधून
दोन बोटं लाल बाहेर डोकावतं.

शुक्रवारी बंद करायच्या वेळी त्याची आई आली,
काळानिळा घागरा, बुटांना वाळू.
मी काही बोलायच्या आत
तिने ती लाल कड धरून पुस्तक ओढलं,
उभ्यानेच आठवं पान काढलं,
ओठ हलवत पट्टे मोजले. दोनदा.
मी नोंदवहीकडे बघत राहिले.

"तिसरा चुकलाय," ती म्हणाली.
"लालनंतर लगेच हिरवा येत नाही.
याला कुणी शिकवलंच नाही ना."
मग बाक ओढून बसली
आणि माझ्याकडे न बघता
पेन्सिलीसाठी हात पुढे केला.